दुधाचे दात : उपेक्षा आणि उपचार

दुधाचा दात पडला की तो घराच्या कौलांवर फेकावा आणि नवा दात मागावा, ही रीत अनेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पडणाऱ्या दाताला हसतमुखाने निरोप द्यावा, हा त्यामागील भाव गोड आहे. परंतु त्याच भावाच्या आडोशाने एक गैरसमजही रुजून बसला आहे. जो दात पडणारच, त्याच्यावर वेळ व पैसा खर्च कशाला करावयाचा, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. मुलाच्या दाढेवर काळा डाग दिसतो. मग तेथे खळगा पडतो. मूल एकाच बाजूने चावू लागते. तरीही पालक थांबून राहतात. एके रात्री ते मूल गाल धरून रडत उठते, तेव्हा दंतवैद्याकडे धाव घेतली जाते. तोपर्यंत साध्या उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

हा प्रश्न लहानसहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुखारोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लक्ष बालकांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या बालकांत हा विकार आढळून आला होता. समाधानाची गोष्ट एवढीच की, किडलेला दात दुरुस्त करण्याच्या पद्धती गेल्या काही दशकांत पुष्कळच सौम्य झाल्या आहेत. पालकांच्या मनातील चित्र मात्र अद्याप जुनेच आहे.

वीस दातांचे कार्य

दुधाचे दात वीस असतात. साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात दिसू लागतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व दात येऊन पुरे होतात. पुढील पटाशीचे दात सहाव्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान पडतात, म्हणून 'दुधाचे दात लवकर पडतात' अशी समजूत होते. परंतु मागील दुधाच्या दाढा दहाव्या, अकराव्या, प्रसंगी बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. चार वर्षांच्या बालकाची दाढ किडली, तर त्या दाढेने अजून सहा ते आठ वर्षे काम करावयाचे असते. म्हणजे ते बालक आजवर जितके जगले, त्याहूनही अधिक काळ. एवढी वर्षे ठणकणाऱ्या दाढेने काढावीत, असे कोणताही पालक जाणूनबुजून ठरविणार नाही.

या दाढा अन्न चावतात, हे उघडच आहे. त्यांचे दुसरे कार्य सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक दुधाचा दात आपल्या खाली घडत असलेल्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवतो. दुधाची शेवटची दाढ अकाली काढावी लागली, तर तिच्या मागील कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेस वाट उरत नाही. ती वाकडी येते किंवा हाडातच अडकून पडते. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साचून राहिला, तर खाली घडणाऱ्या कायमच्या दाताचे कवच सदोष होण्याचाही संभव असतो.

येथे आणखी एका दाताचा उल्लेख आवश्यक आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता एक नवी दाढ उगवते. ही कायमची दाढ होय. दात पडल्यावाचून ती आली, यास्तव अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि तिच्या किडण्याकडे दुर्लक्ष करतात. ती गेली, की तिच्या जागी दुसरी येत नाही.

दातात किडा नसतो

मराठीत दात 'किडतो' असे म्हणतात, आणि या शब्दामुळेच दातात किडा असतो अशी कल्पना रूढ झाली. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा बाहेर काढण्याचा उपायही काही ठिकाणी केला जात असे. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. खाण्यातील साखरेचे ते आम्लात रूपांतर करतात आणि या आम्लाने दातांच्या कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि विरघळलेली खनिजे काही प्रमाणात परत आणून बसविते. परंतु या कामी तिला अर्धा तास अथवा त्याहून अधिक अवधी लागतो. बालक दर तासाला एखादे बिस्कीट अथवा गोळी तोंडात टाकीत राहिले, तर लाळेस तो अवधीच मिळत नाही.

म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते. स्वीडनमधील व्हिपेहोम येथील मनोरुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या अभ्यासात, जेवणांच्या मधल्या वेळेत दिलेल्या चिकट मिठाईने दात सर्वाधिक किडले, असे दिसून आले. रुग्णांना जाणूनबुजून अपाय करणारा तो प्रयोग आज कोणीही समर्थनीय मानणार नाही. परंतु त्याचा निष्कर्ष पुढील काळात टिकून राहिला. जत्रेतील खाजे मुलांनी खाऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. ते जेवणाबरोबर खावे, दिवसभर चघळीत राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या मानाने पातळ असते आणि आतील मगज, म्हणजे नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ भाग, पृष्ठभागापासून जवळ असतो. त्यामुळे दुधाच्या दातातील कीड झपाट्याने आत शिरते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या अर्भकांचे वरचे पुढील दात पहिल्या-दुसऱ्या वर्षातच किडतात, कारण झोपेत लाळ कमी स्रवते आणि दूध दातांभोवती साचून राहते.

परतीची वाट असलेली अवस्था

कीड एका दिवसात खळगा पाडीत नाही. प्रारंभी हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा दिसतो. खनिजे निघून जाऊ लागल्याचे ते चिन्ह होय, आणि या अवस्थेत दात पूर्वपदावर येऊ शकतो. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोन वेळा दात घासणे, मधल्या वेळेतील गोड खाणे कमी करणे आणि दंतवैद्याकडून ठरावीक काळाने फ्लोराइडचा लेप लावून घेणे, एवढ्यानेही कवच पुन्हा कठीण होऊ शकते. दाढांच्या पृष्ठभागावर खोल चिरा असल्यास त्यांत पातळ द्रव सोडून त्या बुजविल्या जातात. यांपैकी कशातही सुई नाही, यंत्र नाही आणि वेदनाही नाही.

यासाठी पालकांनी महिन्यातून एकदा दिवसाच्या उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून पुढचे दात पाहावेत, तोंड उघडावयास लावून दाढाही पाहाव्यात. दोन मिनिटांचे हे काम पुढील अनेक खेपा वाचविते.

दात भरण्याची जुनी व नवी रीत

खळगा पडल्यावर मात्र दात भरावाच लागतो. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दात कोरण्याचे शास्त्रशुद्ध नियम घालून दिले आणि ते अनेक दशके प्रमाण मानले गेले. पुन्हा कीड लागू नये म्हणून आसपासचा निरोगी भागही कोरून काढावा, असे त्यांतील एक तत्त्व होते. त्या काळातील साहित्य दातास चिकटत नसे. ते अडकून राहावे म्हणून खळग्यास विशिष्ट आकार द्यावा लागे. आपल्याकडे 'चांदी भरणे' म्हणतात, ते हेच. या मिश्रणाचा सुमारे निम्मा भाग पारा असतो. पाऱ्यापासून मानवी आरोग्याचे व पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास अनुसमर्थन दिले. करारातील देशांनी २०२२ मध्ये असे ठरविले की, दंतवैद्यास अत्यावश्यक वाटल्याखेरीज १५ वर्षांखालील मुलांच्या दातांत हे मिश्रण भरले जाऊ नये.

त्याची जागा आता दातास चिकटणाऱ्या साहित्याने घेतली आहे. लंडनमधील शासकीय प्रयोगशाळेत विल्सन व केंट या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटची माहिती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सिमेंट दातास रासायनिक बंधाने चिकटते आणि त्यातून फ्लोराइडही थोडे थोडे बाहेर पडत राहते. ते चिकटत असल्याने निरोगी भाग कोरण्याचे कारण उरले नाही. दाताच्या रंगाचे रेझिनयुक्त साहित्यही वापरले जाते. ते अधिक टिकाऊ असते, परंतु भरताना दात पूर्ण कोरडा राहावा लागतो, आणि चुळबुळ करणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत हे नेहमीच साधत नाही.

या सिमेंटमुळे एक मोठी सोय झाली. १९८० नंतरच्या दशकात टांझानियामध्ये, जेथे खेडोपाडी वीज नव्हती आणि दात कोरण्याचे यंत्र चालविणे शक्य नव्हते, तेथे केवळ हाताच्या अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी तिचा पुरस्कार केला. यंत्राचा आवाज नसल्याने मुले घाबरत नाहीत, आणि शाळेच्या वर्गातही हे काम करता येते. दाताच्या एकाच पृष्ठभागावरील लहान खळग्यांसाठी ही पद्धत उत्तम ठरली आहे. दोन दाढांच्या मधोमध पसरलेल्या मोठ्या खळग्यांत मात्र असे भरलेले सिमेंट लवकर निघते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

कोरल्यावाचून उपचार

किडलेला प्रत्येक कण काढून टाकलाच पाहिजे, हा आग्रहही आता मागे पडला आहे. बाहेरून साखर मिळणे बंद झाले, तर आत कोंडलेले जिवाणू निष्क्रिय होतात, असे दिसून आले आहे. स्कॉटलंडमधील दंतवैद्या नॉर्ना हॉल याच तत्त्वावर काम करीत होत्या. किडलेली दुधाची दाढ मुळीच न कोरता, सुई न देता, त्या तिच्यावर पोलादाची तयार टोपी सिमेंटने घट्ट बसवीत. त्यांच्या रुग्णांच्या नोंदी २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर १३२ मुलांवर रीतसर तुलना करण्यात आली. प्रत्येक मुलाची एक दाढ या पद्धतीने आणि दुसरी नेहमीच्या पद्धतीने उपचारिली गेली. पाच वर्षांनी पाहता, नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या दाढांपैकी शेकडा १६ हून अधिक दाढांत वेदना वा पू यांसारखी गंभीर अडचण उद्भवली होती. टोपी घातलेल्या दाढांत हे प्रमाण शेकडा ३ होते.

दाढ चंदेरी दिसते, ही या उपचाराची एक मर्यादा होय. टोपी बसविल्यावर काही दिवस चावताना दात वर उचलल्यासारखा वाटतो. तो त्रास आपोआप नाहीसा होतो. दाढ पडते, तेव्हा टोपी तिच्यासह निघून जाते. मात्र कीड मगजापर्यंत पोहोचलेली असेल, तर ही पद्धत उपयोगी पडत नाही, म्हणून आधी तपासणी व बहुधा एक्स-रे आवश्यक असतो.

फारच लहान अथवा उपचारास तयार नसलेल्या मुलांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध उपलब्ध आहे. जपानमध्ये १९७० च्या सुमारास वापरात आलेल्या या औषधाचा थेंब बारीक कुंचल्याने खळग्यात लावला, की थोड्या अवधीत काम संपते. चांदीचा अंश जिवाणूंना मारतो आणि फ्लोराइड दातास कठीण करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट व ग्लास आयोनोमर सिमेंट यांच्यासमवेत या औषधाचाही समावेश केला. किडलेला भाग त्यामुळे कायमचा काळा पडतो आणि औषध ठरावीक काळाने पुन्हा लावावे लागते. पालकांना याची पूर्वकल्पना असली पाहिजे. पुढच्या दातांच्या बाबतीत हा काळेपणा सर्वांनाच रुचेल असे नाही. परंतु दोन वर्षांच्या बालकास भूल देऊन दात काढण्यापेक्षा काळा, पण न दुखणारा दात अनेक पालक पसंत करतात.

कीड मगजापर्यंत पोहोचल्यास

दुखणे थोड्या वेळाने न थांबता टिकून राहते, मूल रात्री जागे होते किंवा हिरडीवर पुळी येते, ही मगज बाधित झाल्याची लक्षणे होत. अशा वेळीही दात वाचविता येतो. मगजाचा केवळ वरचा भाग बिघडला असेल, तर तेवढाच काढून मुळांतील जिवंत भागावर औषधी सिमेंट ठेवले जाते. सर्व मगज मृत झाला असेल, तर मुळांच्या नलिका स्वच्छ करून भरल्या जातात. मोठ्यांच्या रूट कॅनाल उपचारापेक्षा यात एक महत्त्वाचा फरक आहे. दुधाच्या दाताची मुळे वेळ येताच झिजून नाहीशी व्हावयाची असल्याने, त्यांत भरलेले द्रव्यही त्यांच्यासह विरून जाणारे असावे लागते. त्यानंतर दाढेवर टोपी बसविली जाते.

काही वेळा दात काढणेच योग्य ठरते. दात लवकरच पडावयाचा असेल, तो भरण्यापलीकडे गेला असेल अथवा जंतुसंसर्ग पसरत असेल, तर दंतवैद्य तसा सल्ला देतात. हृदयाचा विकार असलेल्या मुलांच्या पालकांनी ही बाब दंतवैद्यास आधीच सांगावी. अकाली काढलेल्या दाढेच्या जागी पोलादी कडे व तारेची चौकट बसवून जागा राखता येते, हे पालकांनी अवश्य विचारून घ्यावे.

लवंगेच्या तेलाने ठणका काही काळ शमतो, आणि औषधाच्या गोळ्यांनी सूज ओसरते. परंतु यांपैकी कशानेही खळगा भरत नाही. दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असे समजणे धोक्याचे आहे. मगज मेल्यावरही दुखणे थांबते. जबड्याखाली अथवा डोळ्याखाली सूज येऊन ताप भरला, गिळणे किंवा तोंड उघडणे कठीण झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भीती कशी घालवावी

'त्रास देशील तर डॉक्टर सुई टोचतील' असा धाक घरोघरी दिला जातो. त्याचे फळ दंतवैद्याच्या खुर्चीत दिसून येते. आधी सांगावे, मग दाखवावे, नंतरच करावे, ही रीत बालदंतवैद्यकात १९५९ पासून प्रसिद्ध आहे. मुलास आरसा हाताळू द्यावा, पाण्याचा फवारा हातावर उडवून दाखवावा, मगच तोंडाकडे वळावे. पालकांनीही 'काहीच दुखणार नाही' असे खोटे आश्वासन देऊ नये. ज्यांचे अनेक दात किडले आहेत अशा अगदी लहान मुलांवर रुग्णालयात पूर्ण भूल देऊनही एकाच वेळी उपचार केले जातात. परंतु पहिली भेट दुखण्यापूर्वीच झाली, तर अशी वेळ क्वचितच येते. म्हणूनच पहिला वाढदिवस होण्यापूर्वी बालकास एकदा दंतवैद्यास दाखवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

भरलेला दात पुन्हा किडू नये म्हणून

दात भरणे ही दुरुस्ती आहे. रोगाचे कारण तिच्याने दूर होत नाही. सवयी जुन्याच राहिल्या, तर भरलेल्या भागाच्या कडेने कीड पुन्हा शिरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासावेत अथवा घासताना जवळ उभे राहावे. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरेशी असते. फेस थुंकून टाकावा, गिळू देऊ नये. ज्या गावांत विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घेऊन पेस्ट निवडावी. कोळसा, वीटकर वा राख दातांना झिजवितात. मशेरीत तर तंबाखू असतो; ती मुलांच्या हाती कधीही देऊ नये. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये, आणि औषधाचे गोड पातळ मिश्रण दिल्यास त्यानंतर पाणी पाजावे.

शासकीय सुविधा

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी अंतर्भूत असून, तपासावयाच्या विकारांत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे. तपासणीनंतर पुढील उपचारांची चिठ्ठी मिळाल्यास ती दप्तरात पडून राहणार नाही, याकडे पालकांनी व शिक्षकांनी लक्ष द्यावे. गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८० पासून कार्यरत असून, तेथे बालकांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहे. इतरत्र राहणाऱ्या पालकांनी जवळच्या आरोग्य केंद्रात अथवा शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी.

किडलेल्या दाताचा खर्च दर महिन्यास वाढत जातो. पांढऱ्या पट्ट्यास लेप पुरतो, लहान खळग्यास सिमेंट, मोठ्या खळग्यास टोपी, आणि त्याहूनही उशीर झाल्यास मुळांचा उपचार वा दाढ काढणे एवढेच मार्ग उरतात. ज्या पालकांच्या मुलाच्या दाढेवर आज डाग दिसत असेल, त्यांनी तो दुखू लागण्याची वाट न पाहता याच आठवड्यात मुलास तपासणीसाठी न्यावे. दाढ आपल्या वेळी पडेलच. तोवर मुलास पोटभर जेवता यावे आणि रात्री शांत झोप लागावी, यासाठीच हे उपचार आहेत.